आधी सुतळी, मग केस

वेणी घालायला शिकण्याची आपल्याकडची रीत पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेली आहे. मुलगी आठ-दहा वर्षांची झाली की "आता तुझी तू घाल" असे सांगून तिच्याच केसांचे तीन पेड तिच्या हाती दिले जातात. मानेमागे, जिथे नजर पोचत नाही तिथे, बोटांनी काय करायचे ते बोटांनीच चाचपडत शोधायचे. काही दिवस वेणी तिरकी होते, सुटते, मधल्या सुट्टीपर्यंत निम्मी उरते. मग एके दिवशी जमते, आणि एकदा जमली की जन्मभर जमते. पण तिलाच विचारा, बाई गं, तू नेमके करतेस काय, तर उत्तर येत नाही. हात दाखवतील, तोंडाला सांगता येणार नाही. मुलग्यांच्या वाट्याला तर हे चाचपडणेही येत नाही. माझे म्हणणे असे, की ही रीत उलटी आहे. वेणी आधी सुतळीवर शिकवावी, तीन वेगळ्या रंगांच्या, डोळ्यांसमोर ताणून बांधलेल्या, मुलींना आणि मुलग्यांना सारखीच. केसांकडे मग वळावे. असे शिकणे सोपे पडते हे आहेच, पण तेवढ्यासाठी लेख लिहायचे कारण नव्हते. वेणी म्हणजे एक नियम आहे, आणि तो दिसल्याखेरीज कळत नाही. केसांचे तिन्ही पेड एकाच रंगाचे असतात, तिथे तो दडूनच राहतो.

आधी एक घोळ मोडून काढू. सुट्या तंतूंपासून काहीतरी मजबूत करण्याच्या दोन अगदी निराळ्या युक्त्या आहेत : पिळणे आणि गुंफणे. मराठीत दोर वळतात, वेणी घालतात आणि गोफ विणतात; भाषेने हा भेद नीट सांभाळला आहे, आपण मात्र सगळ्याला "दोरीच की" म्हणून मोकळे होतो. दोर वळणाऱ्याची युक्ती अशी : घायपाताच्या वाखाच्या किंवा काथ्याच्या प्रत्येक पेडाला एका दिशेने पीळ द्यायचा, आणि मग ते पेड एकमेकांभोवती उलट दिशेने वळायचे. पेड उलगडू पाहतात तेव्हा दोर आणखी घट्ट होतो. दोर उलगडू पाहतो तेव्हा पेडांना पीळ बसतो. या आपसातल्या भांडणावरच दोर उभा असतो. युक्ती फार जुनी. फ्रान्समधल्या आब्री द्यु मारास इथे निअँडरथल माणसाच्या एका दगडी हत्याराला चिकटलेला दोरीचा जेमतेम ६ मिलिमीटरचा तुकडा सापडला, त्याचे वर्णन २०२० साली प्रसिद्ध झाले. वय ४१ ते ५२ हजार वर्षे. आणि त्यातही झाडाच्या अंतर्सालीचे तीन पेड एका दिशेने पिळून मग एकत्र उलट दिशेने वळलेले आहेत. आपल्याकडे ही विद्या प्रामुख्याने मातंग समाजाने सांभाळली. मोटेचा नाडा आणि सोंदूर, बैलांचे कासरे, गुरांची दावी हे सारे त्या हातांनी वळले, गावची शेती त्यावर ओढली गेली, आणि गावाने त्या हातांना शिवून घ्यायचेही नाकारले. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, ही म्हण मात्र गावाने उचलली. दोराचे बळ पिळात असते हे तिला पक्के माहीत आहे.

वेणीत असा पीळ नसतो. वळलेल्या दोराला पोहरा बांधून विहिरीत सोडला की तो गिरकी घेतो, कारण वजनाने पीळ उलगडू लागतो. वेणीला वजन बांधले तर ते सरळ लोंबकळते. कारण तिपेडी वेणीत एक पेड उजवीकडून येऊन मधल्यावरून जातो, लगेच दुसरा डावीकडून येऊन मधल्यावरून जातो. जितके वळण एका बाजूला पडते तितकेच दुसऱ्या बाजूला, आणि जमाखर्च शून्य होतो. म्हणून नाडी, बुटांचे बंद, मोबाइलच्या चार्जरवरचे कापडी वेष्टन, शस्त्रक्रियेतला रेशमी टाक्याचा धागा, या वस्तू गुंफलेल्या असतात. शल्यवैद्यकात तर दोन्ही बाजू माहीत आहेत : गुंफलेल्या धाग्याची गाठ छान बसते आणि तो हाताला मऊ लागतो, पण त्याच्या फटींतून द्रव आणि जंतू झिरपू शकतात, म्हणून दूषित जखमेत एकतंतू धागा पसंत करतात. गिर्यारोहकांचा आजचा दोर, आत तंतूंचा गाभा आणि वर गुंफलेले म्यान, जर्मनीतल्या एडेलरीड कंपनीने १९५३ साली आणला, तो येण्याआधी गिर्यारोहक वळलेल्या दोरावर भरवसा ठेवत. पीळ आणि गुंफण यांतला हा फरक ज्याला कळला, त्याला घरातली निम्मी दोरी वाचता येऊ लागते.

आता प्रत्यक्ष नियम. लाल, पिवळ्या आणि निळ्या लोकरीचे किंवा सुतळीचे हातभर लांबीचे तीन तुकडे घ्या, एका टोकाला गाठ मारून ती खुर्चीच्या पाठीला अडकवा. नियम एवढाच : बाहेरचा पेड मधे आणायचा, शेजारच्यावरून, एकदा उजवीकडचा, एकदा डावीकडचा. इतकेच. त्यात "पहिला, दुसरा, तिसरा" असे क्रमांक नसतात, आणि ते घालू नयेत, कारण पेडांच्या जागा दर वेळी बदलतात. शिकणारा अडखळतो तो इथेच : तो लाल पेडाच्या मागे मनाने धावतो, आणि लाल तर कधी मधला असतो कधी कडेचा. नियम जागेचा आहे, पेडाचा नाही, हे रंगांमुळे चार-दोन मिनिटांत उमगते. केसांत ते उमगायला वर्ष जाते, किंवा उमगतच नाही, हात तेवढे शिकतात.

रंग असले की पुढचे आपोआप दिसू लागते. सहा वेळा पेड ओलांडले, तीन उजवीकडून आणि तीन डावीकडून, की लाल, पिवळा, निळा पुन्हा मूळच्या जागी येतात. हे सहाचे चक्र मोजता आले की वेणी किती लांब झाली ते न मापता सांगता येते, आणि कुठे चुकले तेही कळते, कारण चुकीच्या जागी रंगांची लय मोडते. हातातून सुटून गेली तरी घाबरायचे कारण नाही. जो पेड आत्ता मधे आहे तोच शेवटी हलवलेला. तो ज्याच्यावरून आला तो पेड ज्या बाजूला पडला आहे, त्या बाजूने तो आलेला होता. म्हणून पुढची पाळी दुसऱ्या बाजूची. वेणी स्वतःच सांगते की आपण कुठे थांबलो होतो. मोडताना अशीच एकेक पायरी उलट्या क्रमाने मागे घ्यायची. सुतळीवर हे वाचायला शिकलेली मुलगी पुढे आरशाशिवायही अर्धवट सुटलेली वेणी पूर्ण करू शकते. नुसत्या सवयीने घालणारी ती सगळी मोडून पहिल्यापासून सुरू करते.

याहून गमतीची गोष्ट पेड ओढून काढण्यात आहे. तिपेडी वेणीतला कोणताही एक पेड अलगद ओढून काढला तर उरलेले दोन एकमेकांत अडकलेले निघत नाहीत, नुसते शेजारी-शेजारी सुटे पडतात. म्हणजे वेणीत कोणताही पेड दुसऱ्या कोणत्याही एका पेडाशी बांधलेला नसतो. तिघे मिळूनच एकमेकांना धरून असतात. सहा ओलांडणींची वेणी घेऊन प्रत्येक पेडाचे वरचे टोक त्याच्याच खालच्या टोकाला जोडले, तर तीन कड्या तयार होतात, आणि त्याही तशाच : तिन्ही एकत्र अडकलेल्या, पण एक तोडली की उरलेल्या दोन मोकळ्या. इटलीतल्या बोरोमेओ घराण्याच्या कुलचिन्हावर त्या आढळतात, म्हणून गणितात त्यांना बोरोमियन कड्या म्हणतात. आणि गणितात त्या आल्या कशा, तर वेणीच्या वाटेनेही. एमिल आर्टिन या गणितज्ञाने १९२५ साली वेण्यांचा सिद्धांत मांडला आणि शीर्षकातही साधा, घरगुती जर्मन शब्द 'वेणी' हाच ठेवला. त्याचे मूळ निरीक्षण असे, की एका वेणीखाली दुसरी वेणी जोडली की तिसरी वेणी मिळते, आणि प्रत्येक वेणीला तिला पूर्ण उलगडणारी अशी एक उलट वेणी असते. बेरीज आणि वजाबाकीचे हे नाते शाळकरी मुलाला सुतळीवर हाताने करून पाहता येते. असे किती गणित आहे, जे दहा रुपयांच्या लोकरीत मावते?

सुतळीवर वेणी शिकवताना एक तक्रार हमखास येते : वर वेणी होते आणि खाली गुंता. ही चूक शिकणाऱ्याची नव्हे. पेडांची खालची टोके एकत्र पडून राहिली तर वर जितकी वेणी घातली जाते, तितकीच उलटी वेणी खाली आपोआप पडत जाते. म्हणून मधूनमधून टोके सोडवून घ्यावी लागतात. आर्टिनची उलट वेणी ती हीच, न मागता समोर येऊन बसलेली. चामड्याचे काम करणाऱ्यांनी याच गोष्टीची करामत केली आहे. चामड्याच्या पट्टीला मधे दोन लांब चिरा पाडतात, दोन्ही टोके अखंड ठेवतात, आणि तरीही मधल्या तीन पट्ट्यांची खरीखुरी वेणी घालून दाखवतात. पाहणाऱ्याला जादू वाटते. युक्ती एवढीच, की सहा ओलांडण्या झाल्या की खाली पडलेली उलट वेणी, पट्टीचे टोक पट्ट्यांमधून आरपार काढून, सोडवून टाकता येते. टोके बांधलेली असताना कोणत्या वेण्या घालता येतात, यावर १९६२ साली शेपर्ड या गणितज्ञाने शोधनिबंध लिहिला. कारागिरांना सहाचा हिशेब त्याच्याही आधीपासून ठाऊक होता.

हेच आपल्या मातीत पाहायचे तर गोफ पाहावा. गोव्यात शिगम्याच्या दिवसांत मांडावर मध्यभागी वरून रंगीत दोऱ्या सोडतात, प्रत्येक नाचणारा एकेक दोरी धरतो, आणि तालावर एकमेकांना ओलांडत ते अशी पावले टाकतात की वर दोऱ्यांचा गोफ विणला जातो. महाराष्ट्रात टिपरीच्या खेळात, शाळेच्या स्नेहसंमेलनांत गोफ असतोच. पण गोफाची कसोटी विणण्यात नाही, उलगडण्यात आहे : तीच पावले उलट्या क्रमाने टाकत नाचणाऱ्यांनी दोऱ्या पुन्हा सुट्या करायच्या, आणि एकाने चुकवले की सगळ्यांचा गुंता. इथे माणूसच पेड होतो. बुटाचे बंद आणि नाड्या करणारे यंत्र याहून वेगळे काही करत नाही. त्यात सुताच्या रिळांचे निम्मे वाहक एका दिशेने आणि निम्मे उलट दिशेने, नागमोडी खाचांतून, एकमेकांच्या आतून-बाहेरून फिरतात आणि मधे गोफ वर सरकत जातो. जर्मनीतले बार्मेन, म्हणजे आजच्या वुपरटाल शहराचा भाग, अशा फिती आणि बंदांच्या धंद्यावर वाढले. यंत्रापाशी उभे राहिले तर लोखंडाचा शिगमा चालला आहे असे वाटावे.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत वजनदार असा, की केस म्हणजे सुतळी नव्हे. खरे आहे. सुतळीचे तीनच तुकडे असतात, डोक्यावर सुमारे एक लाख केस. सुतळी खरखरीत असते आणि धरून राहते, तेल लावलेला केस निसटतो. सुतळीची लांबी एकसारखी, केसांची नाही, म्हणून वेणी खाली निमुळती होते आणि गोंडा लागतो. सगळ्यात मोठा फरक असा, की सुतळीला दुखत नाही. सुतळीवर शिकलेला हात ताण जास्त देतो, आणि डोक्यावर तो ताण मुळांना बसतो. सतत घट्ट ओढून बांधल्याने कपाळाच्या आणि कानशिलांच्या कडेचे केस गळतात. ग्रीनलँडच्या स्त्रियांमध्ये १९०७ साली नोंदला गेलेला हा विकार आज त्वचारोगतज्ज्ञांच्या रोजच्या पाहण्यातला आहे. सुरुवातीला ओळखला तर तो भरून येतो, वर्षानुवर्षे चालला तर मुळे कायमची जातात. ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो, म्हणून न्हाऊन आल्याबरोबर करकचून घातलेली वेणी दुहेरी वाईट. शाळेच्या शिस्तीपायी मुलींच्या डोळ्यांचे कोपरे ओढले जातील अशा दोन वेण्या घालण्याची हौस जिथे अजून आहे, तिथे ती सोडायला हवी. पण या सगळ्यातून निष्कर्ष काय निघतो? केसांवर दोन गोष्टी एकदम शिकाव्या लागतात, नियम आणि ताण. सुतळीवर नियम आधी पक्का झाला, तर केसांवर सारे लक्ष ताणाकडे देता येते. जिच्या मनात "आता कुठला पेड?" हा प्रश्नच उरलेला नाही, ती हलक्या हाताने घालू शकते. म्हणजे हा आक्षेप माझ्या क्रमाच्या बाजूचाच साक्षीदार निघाला.

केस वेगळे असल्यामुळे काही गोष्टी केसांवरच कळतात, हेही मान्य. सुतळीवर बाहेरचा पेड मधल्यावरून न नेता खालून नेला तर वाटते वेगळी वेणी झाली. उलटून पाहिले की तीच निघते, कारण वरून घातलेल्या वेणीची ती पाठ असते. टाळूपासून दोन्ही बाजूंचे केस घेत घेत घालायची सागरवेणी मात्र डोक्याला चिकटलेली असते, ती उलटून पाहता येत नाही. तिथे वरून नेलेले पेड आत बुडतात आणि खालून नेलेले दोरखंडासारखे वर उठून दिसतात. आफ्रिकेत रुजलेल्या आणि जगभर पसरलेल्या, डोक्यालगत ओळींनी घातलेल्या वेण्यांचा उठाव याच खालून नेण्याने येतो. ज्याला सुतळीवर वेणीची पाठ आणि पोट माहीत झाले आहे, त्याला हे एका वाक्यात सांगता येते. इतरांना ती दोन वेगळी "डिझाइन्स" म्हणून पाठ करावी लागतात.

दुसरा आक्षेप : हल्ली मोबाइलवर हजारो व्हिडिओ आहेत, नियम कशाला? व्हिडिओ एक वेणी शिकवतो, बहुधा समोरच्याचे हात आरशासारखे उलटे दाखवत, आणि पुढच्या वेणीसाठी पुढचा व्हिडिओ लागतो. नियम हाती असला की पायरी स्वतः वाढवता येते. पाच पेडांच्या सपाट वेणीत बाहेरचा पेड एकावरून, मग एकाखालून मधे येतो, बाकी तिपेडीच. चार पेडांचा गोल गोफ हवा असेल, तर उजवीकडचा शेवटचा पेड मागून दोघांच्या पलीकडे न्यायचा आणि पुढून एकावरून परत आणायचा, मग डावीकडचा तसाच. वेणी आपोआप गोल होते आणि राखीला, किल्लीच्या छल्ल्याला, चष्म्याच्या दोरीला चालते. खजुराच्या पानासारखी दिसणारी वेणी तर दोनच पेडांची, बाहेरून बारीकशी बट काढून पलीकडे टाकत राहायचे. मॅक्रमे आणि मैत्रीचे धागे मात्र बहुतांशी गाठींचे काम आहे. तिथे हा नियम लागू पडत नाही, आणि दुकानदार सगळ्याला एकच नाव देतो म्हणून ते एक होत नाही.

तिसरा आक्षेप क्वचितच उघड बोलला जातो : वेणी ही बायकी गोष्ट, मुलग्यांनी शिकून करायचे काय? वेणीला स्त्रीच्या भावनेशी जोडणारी परंपरा मोठी आहे हे खरेच. अशोकवनातली सीता एकवेणी, भट्टनारायणाच्या 'वेणीसंहार' नाटकात तर सारे युद्ध द्रौपदीच्या मोकळ्या केसांवर येऊन ठेपते. पण ज्या सोन्याच्या दागिन्याला आपण गोफ म्हणतो तो पुरुषांच्याही गळ्यात शोभतो आणि तो गुंफलेलाच असतो. जपानी सामुराईच्या चिलखताचे तुकडे रेशमी गोफांनीच एकत्र बांधलेले असत, आणि त्या कलेला, कुमिहिमोला, तिथे आजही गुरू आणि शिष्य आहेत. कार्यानुभवाच्या तासात मुलींना वेणी आणि मुलग्यांना तारेचे काम अशी वाटणी करायला काही कारण उरत नाही. पुढे लेकीची वेणी घालणारा बाप तयार होईल, हा वरचा लाभ.

तेव्हा लोकर आणा. वेणी घट्ट होताना लांबी खाते, म्हणून हवी त्याच्या दीडपट घ्या. हातभर तिपेडी वेणी घाला, दर सहाव्या ओलांडणीला रंग जागेवर आले का ते पाहा, आणि शेवटी गाठ मारण्याआधी मुलांसमोर निळा पेड सावकाश ओढून काढा.